अझिथ्रोमायसिनची नोंद कोण ठेवणार?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. सकाळी साडेआठला शटर वर जातं आणि पहिल्या दहा गिऱ्हाइकांतलं एक तरी काउंटरवर कोपर टेकून म्हणतं, "अझी दे रे एक." चिठ्ठी नसते. घसा धरलेला असतो, नाहीतर दोन दिवस कणकण असते. अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन ५०० हे अँटिबायोटिक, तीन किंवा पाच गोळ्यांचं पाकीट. लोकांचा या गोळीवर फार जीव. दिवसाला एकच घ्यायची, तीन दिवसांत कोर्स संपतो, भाकरीच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. घसा चौथ्या दिवशी सुटतो (तो तसाही सुटणार असतो) आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या वेळी शेजारणीलाही तीच.

बी.फार्म. होऊन या काउंटरमागे उभं राहायला मला आता सव्वीस वर्षं झाली. त्यातली निदान वीस वर्षं मी हे पाकीट बिनचिठ्ठीचं दिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते माझ्याच धंद्याविरुद्ध आहे, आणि "हा कुठला साधू लागून गेला" असं माझे व्यवसायबंधू म्हणणारच.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या आळीतल्या एक काकू, वय एकाहत्तर, यजमान एसटीत कंडक्टर होते. बीपीची गोळी चालू, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध तिच्यात आलंच. सकाळी अनशापोटी पित्ताची कॅप्सूल, पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन. ती चार वर्षांपूर्वी कुणी तरी पंधरा दिवसांसाठी लिहिली होती, बंद कर असं कुणी सांगितलं नाही, म्हणून चालूच. सोमवारी खोकला झाला म्हणून त्यांच्या मुलानं अझीचं पाच गोळ्यांचं पाकीट नेलं. गुरुवारी पोट बिघडलं, पाच-सहा जुलाब झाले. अझिथ्रोमायसिननं पोट बिघडतं, ही गोष्ट नवी नाही. शुक्रवारी उलट्या सुरू झाल्या तेव्हा सून आली आणि ऑन्डान्सेट्रॉन घेऊन गेली. शनिवारी पहाटे काकू मोरीत कोसळल्या. एक-दोन मिनिटं शुद्ध नव्हती, मग आपोआप आली.

सोलापूरला नेल्यावर काढलेल्या ईसीजीचा कागद मुलानं नंतर मला आणून दाखवला. वरच्या कोपऱ्यात छापलेलं होतं: क्यूटीसी ५३४. रक्तातलं पोटॅशियम २.८ होतं, जे साडेतीनच्या वर असायला हवं. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून मॅग्नेशियम दिलं, पोटॅशियम भरून काढलं, निम्म्या गोळ्या बंद केल्या. काकू बचावल्या, आजही भाजी निवडताना दिसतात. मोरीत त्या नेमक्या कशानं पडल्या हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. जुलाबानं अशक्तपणा आला होता, पाय घसरलाही असेल. पण त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर आठवड्याची बिलं काढून पाहिली. सोमवारचं बिल मुलाच्या नावावर, शुक्रवारचं सुनेच्या, महिन्याच्या गोळ्यांचं काकूंच्या. तीन बिलं, तीन नावं, एकच पोट. चारही औषधं माझ्याच दुकानातून गेलेली, आणि ती एकत्र एकाही माणसानं पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही.

आता हे क्यूटी काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं. हृदयाचा प्रत्येक ठोका ही आधी विजेची घटना आहे. झटका बसला, स्नायू आकसला, रक्त ढकललं गेलं. त्यानंतर प्रत्येक पेशीला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावं लागतं, आणि त्यासाठी पेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडणारी सूक्ष्म दारं उघडावी लागतात. ईसीजीवर क्यू नावाच्या टोकापासून टी नावाच्या लाटेच्या शेवटापर्यंत जे अंतर असतं, ते या सगळ्या उठाठेवीला लागलेला वेळ. नाडीच्या वेगाप्रमाणे हिशेब करून येतो तो क्यूटीसी. पुरुषात साधारण ४५० आणि बाईत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक. ५०० ओलांडलं की डॉक्टर खुर्चीतून उठतात.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला मी हे विहिरीवरच्या मोटारीवरून समजावतो. लाइट गेली, मोटार बंद पडली, आणि ती पुरती थांबायच्या आत कुणी पुन्हा बटण दाबलं, तर स्टार्टर ट्रिप होतो. हृदयाची पेशी सज्ज व्हायच्या आत, चुकीच्या क्षणी, एखादा भुरटा ठोका पडला तर तसंच होतं. फरक इतकाच की इथे मोटार छातीत असते. ती मिनिटाला दोनशे-अडीचशेच्या वेगानं थरथरायला लागते, रक्त काही पुढे जात नाही, माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो खाली पडतो. १९६६ साली पॅरिसच्या देसर्तेन नावाच्या डॉक्टरांनी एका ऐंशी वर्षांच्या बाईच्या ईसीजीवरून या प्रकाराचं वर्णन केलं आणि त्याला फ्रेंचमध्ये नाव दिलं, 'तोर्साद द प्वांत', म्हणजे टोकांना बसलेला पीळ. कागदावर ती रेघ खरंच सुंभ वळल्यासारखी दिसते. हा पीळ पुष्कळदा आपोआप सुटतो, काकूंचा सुटला असावा तसा. सुटला नाही तर माणूस जातो आणि घरचे म्हणतात, अटॅक आला.

पोटॅशियमचं ते दार अडवणारी औषधं बरीच आहेत. त्या दाराला 'हर्ग' म्हणतात, आणि त्या नावाची मजा म्हणजे ते फळमाशांवरून आलंय: ईथर दिल्यावर ज्यांचे पाय नाचल्यासारखे थरथरत, अशा माशांवरून. अँटिबायोटिकमध्ये दोन घराणी यात पुढे आहेत. एक मॅक्रोलाइडचं. त्याची आजी एरिथ्रोमायसिन, १९४९ साली फिलिपिन्समधल्या मातीच्या नमुन्यातून निघाली, मग क्लॅरिथ्रोमायसिन, आणि १९८० साली झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत जन्मलेलं आपलं अझिथ्रोमायसिन. दुसरं घराणं 'फ्लॉक्सासिन' शेपटीवाल्यांचं: मॉक्सिफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. त्यातलं ग्रेपाफ्लॉक्सासिन तर याच कारणासाठी १९९९ साली बाजारातून मागे घ्यावं लागलं. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सेफॅलोस्पोरिन ही मंडळी या बाबतीत निरुपद्रवी. म्हणजे "अँटिबायोटिक हृदयाला वाईट" असं सरसकट म्हणणं चूक आहे. कुणी तसा फॉरवर्ड पाठवला तर पुढे ढकलू नका.

धोका किती, हेही हातचं न राखता सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून उद्या एखादा टायफॉइडचा पेशंट चालू गोळी बंद करायचा. २०१२ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत अझिथ्रोमायसिनच्या दर दहा लाख कोर्समागे हृदयविकारानं ४७ मृत्यू जास्त झाले. दहा लाखांत ४७. पण ज्यांना आधीपासून हृदयविकाराचा सर्वांत जास्त धोका होता, त्या दहा टक्के लोकांपुरतं पाहिलं तर आकडा होता २४५. पुढच्या वर्षी डेन्मार्कमधून दुसरा अभ्यास आला, तरुण आणि मध्यमवयीन लोकांचा. त्यांत पेनिसिलिनपेक्षा वेगळा धोका दिसलाच नाही. काही डॉक्टर मित्र हे दोन अभ्यास एकमेकांवर आपटून "बघा, काही सिद्ध होत नाही" म्हणतात. मला तर ते एकच गोष्ट सांगताना दिसतात. पंचविशीतल्या धडधाकट पोराला या गोळीनं काही होत नाही. ज्याचं हृदय आधीच अधू आहे, जो चार औषधांवर आहे, ज्याच्या अंगातलं पोटॅशियम ओसरलंय, त्याला होऊ शकतं. गोळी तीच, माणूस वेगळा. आणि माझ्या काउंटरवर पाकीट न्यायला येतो तो पंचविशीतला पोरगा. ते खायला घरी बसलेली असते एकाहत्तर वर्षांची आई.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०१३ मध्ये अझिथ्रोमायसिनबद्दल जाहीर इशारा दिला तो अशाच माणसांसाठी: ज्यांचं क्यूटी आधीच लांबलेलं आहे, पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी आहे, नाडी मंद आहे, किंवा जे ठोक्याची लय सांभाळणारी औषधं घेतायत. त्यात वय घाला. बाईपण घाला, कारण बायकांचं क्यूटी मुळातच थोडं लांब असतं आणि पिळाच्या केसेस त्यांच्यात जास्त होतात. आता काकूंच्या गोळ्यांकडे पुन्हा बघा. पाणी काढणारी बीपीची गोळी पोटॅशियम घालवते. जुलाब तेच करतात, मॅग्नेशियमही नेतात. पित्ताची प्राझोल वर्षानुवर्षं घेतली की मॅग्नेशियम आणखी उतरतं. डॉम्पेरिडोन स्वतः क्यूटी लांबवतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच सांगितलंय की दिवसाला ३० मिलिग्रॅमवर जाऊ नका आणि शक्यतो आठवड्याच्या वर देऊ नका. आपल्याकडे तेच ३० मिलिग्रॅम एका कॅप्सुलीत भरून सकाळच्या चहाआधी वर्षभर चालतं. ऑन्डान्सेट्रॉनही क्यूटी लांबवणारं. आणि अझिथ्रोमायसिनची खोड अशी की गोळ्या संपल्या तरी ते अंगातून लवकर जात नाही. रक्तातलं निम्मं उतरायला तीनेक दिवस जातात, उतींत तर त्याहून जास्त मुक्काम. "कोर्स तर संपला होता" या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नाही.

एरिथ्रोमायसिनच्या काळात ही बेरीज आणखी स्पष्ट दिसली होती. ते डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलसारख्या, यकृतात त्याचा निचरा अडवणाऱ्या औषधांबरोबर दिलं तर अचानक हृदय बंद पडून मरण्याचं प्रमाण पाचपट झाल्याचं त्याच टेनेसीच्या नोंदींत २००४ साली आढळलं. डिल्टियाझेम आजही माझ्या कपाटात आहे, बीपी आणि छातीच्या दुखण्यासाठी रोज जातं.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर हसावं की रडावं असं झालं. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते क्यूटी लांबवतं का, याची तपासणी निरोगी माणसांवर करतात. पण आपली मोजपट्टी बरोबर मोजतेय हे कसं कळणार? त्यासाठी काही जणांना असं औषध देतात जे क्यूटी थोडं, पण हमखास लांबवतं. ते औषध म्हणजे मॉक्सिफ्लॉक्सासिन ४००. जगभरात ज्या गोळीनं मोजपट्टी तपासतात ती गोळी माझ्या डाव्या हाताच्या तिसऱ्या कप्प्यात आहे. छातीत कफ झालेल्या सत्तरीच्या आजोबांना ती लिहिली जाते, आणि ईसीजीचं नावही कुणी काढत नाही.

"प्रत्येक खोकल्याला ईसीजी काढायचा का?" असा प्रश्न लगेच येतो. अर्थातच नाही. पण काळजी घेणं आपल्याला जमत नाही असं म्हणू नका, कारण आपल्याच सरकारनं ते करून दाखवलंय. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन आलं तेही क्यूटी लांबवणारं, आणि त्याच्या जोडीला अनेकदा मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा क्लोफाझिमिन द्यावं लागतं, म्हणजे एका पेशंटला दोन-तीन तसली औषधं. २०१६ साली हे औषध देशात मोजक्या केंद्रांवर सुरू झालं तेव्हा मुंबई त्यात होती. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात त्या पेशंटचा सुरुवातीला ईसीजी निघतो, पुढेही ठरल्या वेळी निघतो, पोटॅशियम तपासतात, कार्डावर नोंद होते. आमच्या तालुक्यातले क्षयाचे पेशंट मला हे कागद दाखवतात. पायात तुटकी चप्पल आणि हातात तीन ईसीजी. सरकारी कार्यक्रमातल्या मजुराच्या हृदयाची एवढी नोंद ठेवली जाते, आणि रोख पैसे मोजून अझी नेणाऱ्या मास्तरांच्या हृदयाची साधी चौकशीही होत नाही. खासगीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी यावर एकदा विचार करावा.

कोरोनाच्या वर्षी तर ही बेफिकिरी राष्ट्रीय झाली. मार्च २०२०च्या शेवटी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं अतिगंभीर रुग्णांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र सुचवलं. दोन्ही क्यूटी लांबवणारी. सूचना होती अतिदक्षता विभागातल्या, मॉनिटर लावलेल्या माणसासाठी, पण ती व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचेपर्यंत मॉनिटर गळून पडला. पुढे त्या सूचनांतून अझिथ्रोमायसिन वगळलंही गेलं, इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दवाखान्यात भरती कोविड रुग्णांना त्याचा फायदा नाही हेही दिसलं. बाजाराला त्याचं काय! २०२१च्या एप्रिलमध्ये माझ्याकडे रांगा होत्या, आणि "किटमध्ये" अझी नसेल तर लोक भांडत होते. मीही दिली. त्या दिवसांत न देणं हा गुन्हा वाटला असता.

तर मग मागणी काय? मागणी छोटी आहे आणि कायद्यात तिच्यासाठी जागा तयार आहे. २०१३ साली केंद्रानं 'शेड्यूल एच-वन' नावाची यादी काढली, २०१४च्या मार्चपासून ती लागू झाली. त्या यादीतलं औषध दिलं की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं: लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सुरुवातीच्या ४६ औषधांत लिव्होफ्लॉक्सासिन आहे, मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे, सेफिक्झिमसुद्धा आहे. अझिथ्रोमायसिन नाही! ते साध्या शेड्यूल एचमध्ये आहे. म्हणजे चिठ्ठी तिथेही लागतेच, पण रजिस्टर नाही. आणि रजिस्टर नसलेल्या नियमाला आमच्या धंद्यात काय किंमत असते ते मला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अझिथ्रोमायसिन 'लक्ष ठेवण्याच्या' गटात मोडतं. २०१९ साली भारताच्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक कोणतं, तर अझिथ्रोमायसिनची ५००ची गोळी, एकूण खपाच्या ७.६ टक्के, 'लॅन्सेट'च्या दक्षिण-पूर्व आशिया नियतकालिकात हा अभ्यास २०२२ साली आला. ज्या औषधाचा खप सर्वांत मोठा त्याचीच नोंद नाही. ते एच-वनमध्ये घाला, एवढंच म्हणणं आहे.

माझे व्यवसायबंधू हसतील. रजिस्टर कसं भरलं जातं हे आम्हाला ठाऊक आहे: महिनाअखेरीला, एकटाकी, गावातल्या एका सज्जन डॉक्टरचं नाव पन्नास वेळा. खरं आहे. तरीही लिव्होफ्लॉक्सासिन एच-वनमध्ये गेल्यावर माझा हात अडखळायला लागला, हेही खरं आहे. ड्रग इन्स्पेक्टर आला तर स्टॉकिस्टकडून आलेली शंभर पाकिटं आणि रजिस्टरातली चाळीस यांचा मेळ घालावा लागतो, ही भीती पोटात असते. कागदाची भीती नैतिकतेपेक्षा स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाडीवस्तीवरच्या माणसाला डॉक्टर वीस किलोमीटरवर, फी तीनशे, रोजगार बुडतो तो वेगळा. त्याला चिठ्ठी आण म्हणणं म्हणजे औषधच नाकारणं नव्हे का? या प्रश्नापुढे मी बराच काळ गप्प होतो. पण काउंटरवरून अझी नेणाऱ्या दहांतल्या आठांना सर्दी-पडसं असतं, जे विषाणूचं असतं, आणि विषाणूवर अझी चालत नाही. त्या माणसाला औषध मिळत नसतं, औषधाचा भास मिळत असतो. ज्या दोघांना खरंच न्यूमोनिया किंवा टायफॉइड असेल, त्यांना तर डॉक्टर हवाच. तीन गोळ्यांनी ताप दबतो आणि रोग आत राहतो. दारात डॉक्टर नाही हे सरकारचं अपयश आहे. ते माझ्या कात्रीनं पाकीट कापून भरून निघत नाही. (कापलेल्या तुकड्यावर एक्स्पायरी राहत नाही, माहितीपत्रक तर कधीच नसतं. इशारा छापतात कुठे आणि पोचतो कुठे!)

महाराष्ट्रात हे अजिबात अशक्य नाही, याला इतिहास आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२च्या सुमारास, त्यांनी दोनच गोष्टींचा आग्रह धरला होता: दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे आणि चिठ्ठीशिवाय शेड्यूलचं औषध द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी दशकानुदशकं कायद्यात होत्या. राज्यभर दुकानदार बंदवर गेले. मीही शटर ओढलं होतं, घोषणा दिल्या होत्या. तेव्हा आमचा राग "पण फार्मासिस्ट मिळत नाहीत" यावर होता. खरं दुखणं दुसरंच होतं. कितीतरी दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर भाड्यानं टांगलेलं असतं आणि खाली बारावी नापास पोरगा डोस सांगत असतो. झगडे गेले, मोहीम ओसरली, सर्टिफिकेटं भिंतीवर राहिली. केरळनं २०२४ मध्ये बिनचिठ्ठी अँटिबायोटिकविरुद्ध दुकानांवर धाडी घालायला सुरुवात केली. त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये, याचं उत्तर औषध प्रशासनाच्या रिकाम्या पदांत शोधावं लागेल.

पण फार्मासिस्ट खुर्चीत बसला म्हणजे झालं असंही नाही. तो बघणार कशावर? माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर मला सांगतं की या गोळीची एक्स्पायरी तीन महिन्यांवर आली, या कंपनीपेक्षा त्या कंपनीत मार्जिन अकरा टक्के जास्त, या गिऱ्हाइकाची उधारी साडेचारशे. लाल, हिरवे, पिवळे रंग करून सांगतं. डॉम्पेरिडोनवाल्या बाईला अझी जातेय, हे मात्र ते सांगत नाही. त्याला दोन्ही औषधं माहीत आहेत, बाईचा मोबाइल नंबर माहीत आहे, फक्त कुणी त्याला विचारायला सांगितलेलं नाही. ज्या कॉम्प्युटरवर जीएसटी एका रात्रीत बसवता आला त्यावर क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी बसवायला किती वेळ लागेल? ती यादी जगात तयार आहे, अमेरिकेतल्या 'क्रेडिबलमेड्स'नं वर्षानुवर्षं अद्ययावत ठेवलेली. परवाना देताना सरकारनं एक अट घालावी: एका घरात, एका पंधरवड्यात अशी दोन औषधं गेली तर पडद्यावर लाल चौकट यावी. मग तरी मी विचारीन, "कुणासाठी नेतोयस? वय काय? बीपीची गोळी कोणती? जुलाब आहेत का? कधी चक्कर येऊन पडल्यात का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" अर्ध्या मिनिटाचं काम. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण काही घराण्यांत लांब क्यूटी जन्मजात असतं आणि ते कधीकधी पहिल्यांदा उघड होतं तेच अशा एखाद्या गोळीनं.

अँटिबायोटिक जपून वापरा हे आम्ही लोकांना पंधरा वर्षं सांगतोय, जंतू निर्ढावतात या कारणानं. कुणी ऐकत नाही, आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. उद्याच्या जगातल्या अनोळखी माणसासाठी आजची गोळी सोडा, असं सांगणं म्हणजे उपदेश झाला. "ही गोळी तुझ्या आईच्या पित्ताच्या कॅप्सुलीशी भांडते" असं म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं, माझ्याकडे बघतं, घरी फोन लावतं. मी हे करून पाहिलंय.

काकू पडल्या त्या महिन्यापासून मी दोनशे पानांची एक लांब वही आणली. तीत अझिथ्रोमायसिन लिहितो, कायदा सांगत नसताना: नाव, वय, चिठ्ठी कुणाची, दुसऱ्या गोळ्या कोणत्या. चिठ्ठी नसेल तर देत नाही. साठीच्या पुढचा पेशंट आणि पाणी काढणारी गोळी असेल तर डॉक्टरला फोन करतो, एक डॉक्टर चिडतात, दोघं आता स्वतःच विचारतात, "दुसरं काय देऊ?" त्रास झालाच तर औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर काउंटरवर चिकटवलाय. त्यावर फोन करणारं गिऱ्हाईक अजून मी पाहिलेलं नाही.

पहिल्या वर्षात माझा अझीचा खप निम्म्यावर आला. गावाचा आला असेल असं मला वाटत नाही. परवा संध्याकाळी काकूंचा मुलगाच आला, घशाला रुमाल गुंडाळून. "अझी दे." मी म्हटलं, "कुणाला?" "मलाच." "चिठ्ठी?" तो हसला. "तू पण ना, दादा." मग वहीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला. माझ्या काउंटरवरून ते दुकान स्पष्ट दिसतं. तिथल्या पोरानं वर न बघता कप्प्यात हात घातला, कात्री उचलली, आणि पाकिटाच्या तीन गोळ्या कापल्या.